मी मुराळी झाले ती आखाजी

आखाजी तोंडावर आली आणि माझ्या मैत्रिणीला, जमनाला, सासरहून आणायला यंदाही कुणी जाणार नाही असं कळलं, तेव्हा मी आईला म्हणाले, "मग मी जाते." आईने भाकरी थापता थापता वर पाहिलं. मी पलटणीत भरती व्हायला निघाले असते तरी तिने याहून वेगळं पाहिलं नसतं.

"तू काय मुऱ्हायी शे का?" ती म्हणाली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि चार दिवस कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. पण सासरहून आपली आपण उठून यायचं नसतं. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो, तो मुराळी. अहिराणीत ळ चा य होतो, म्हणून मुऱ्हायी. तो बहुतेक भाऊ असतो, भाऊ नसेल तर चुलतभाऊ, मामेभाऊ. बाई मुराळी असू शकते का, असा प्रश्न तोवर कुणाला पडला नव्हता. शब्दाला स्त्रीलिंगच नाही.

गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. माझे वडील, नाना, नंदुरबार स्टेशनात मालधक्क्यावर कारकून. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. जमनाच्या वडलांचं, उत्तमभाईंचं, मिरचीचं शेत आमच्या घराच्या मागेच. ती गुजरांची, आम्ही पाटलांचे, पण दोन्ही घरांमधल्या कुंपणाला आम्ही दोघींनी लहानपणीच भोक पाडलं होतं आणि मोठ्यांनी ते बुजवायचा नाद सोडला होता. शाळा, बोरं, मार, गोवर, सगळं आम्ही बरोबरीने घेतलं. मग तिचं लग्न तापीपलीकडच्या एका गावात झालं, सारंगखेड्याहून कोसभरावर. गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या नातसुना हा ब्लॉग वाचतात.

पहिल्या आखाजीला चुलतभाऊ जाऊन तिला घेऊन आला. मग सारंगखेड्याच्या जत्रेत घोडीवरून बिनसलं.

ही जत्रा घोड्यांची, दूरदूरचे व्यापारी येतात. जमनाच्या सासऱ्यांनी, नथूबाबांनी, एक घोडी विकायला नेली होती. गिऱ्हाइकाचं घोडीचे दात बघून झालेलं, सौदा जवळजवळ ठरलेला. तेवढ्यात उत्तमभाई तिथे पोचले. त्यांना घोड्यांचं वेड आणि तोंडाला लगाम नाही. भर लोकांत ते म्हणाले, "डोयाखाले भोवरी शे हिले. आसी घोडी ज्या घरम्हा ऱ्हास, त्या घरम्हा रडारड ऱ्हास." घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ पाहणारे लोक ते. गिऱ्हाइकाने दोरी सोडली आणि निघून गेलं. नथूबाबांनी व्याह्याला तिथेच सांगितलं, की आता तुझा मुराळी माझ्या दारात नको. उत्तमभाईंनीही सांगितलं, की धाडतोय कोण!

तर मागच्या आखाजीला जमना आली नाही. यंदाही येणार नव्हती. आणि माझं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं, थेट कोल्हापूरला. दोघींनी एका झोक्यावर बसायची ही शेवटची आखाजी होती. ती चुकली असती तर आम्ही पुढे कधी भेटलो असतो कोण जाणे, एक तापीकाठी, एक पंचगंगेकाठी. मला ते सहन होणार नव्हतं. दुसरं काही कारण नाही.

नाना एवढंच म्हणाले, "गाडी माझ्याच स्टेशनातून सुटते. जाऊ दे तिला." त्यांचं शांतपण कधी कधी फार उपयोगी पडायचं. निघायच्या आदल्या दिवशी जमनाची आई कुंपणाच्या भोकातून (हो, त्याच) आली आणि सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "हाऊ डबा तिले दे," ती म्हणाली. "आनि तिले सांग..." मग जरा थांबली. "काही नही. डबा दे."

सकाळच्या पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरायचं, तिथून तापीकडे जाणारी मोटर धरायची, असा बेत. कोळशाचं इंजिन, त्यामुळे खिडकीत बसाल तर डोळ्यात कण जाणारच. मी खिडकीतच बसले आणि दोंडाईच्यापर्यंत एक डोळा चोळत गेले. तिकिटाला किती पडले ते विचारू नका. नव्या पैशांचा हिशोब तेव्हा कुणालाच नीट जमत नव्हता, मलाही नाही. तुम्ही आज जाणार असाल तर हीच तापी लाइन आहे, डोळ्यात कण जात नाहीत, पण वैशाखातलं ऊन तेच आहे. पाणी आणि कांदा बरोबर ठेवा.

मोटरीत कंडक्टरने विचारलं, "कोठे जानं शे, बाई?"

"तापीपार. मैत्रिणीला आणायला. आखाजीची मुराळी."

त्याने तिकिटाचा चिमटा हवेतच धरला. "भाऊ कोठे शे?"

"भाऊ नाही. मीच आहे."

मागच्या बाकावर कोंबडी घेऊन बसलेल्या म्हातारीने हे ऐकलं, पुढे वाकली आणि माझ्या पायातल्या चपलांपासून वेणीपर्यंत मला पाहून घेतलं. "शायनी मास्तरीन दिखस," ती शेजारणीला म्हणाली. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. शिकलेल्या बाया काहीही करतात.

नदीजवळ उतरले तेव्हा उन्हं चढली होती. तापीचं पाणी आखाजीपर्यंत आटलेलं असतं. अर्धं पात्र वाळूचं, त्यात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, आणि टरबुजांच्या वाड्या, आणि पलीकडच्या अंगाला तेवढी धार. वाळू तापते, चपला काढू नका. मी काढल्या, कारण त्या वाळूत रुतत होत्या, आणि मग टरबुजाच्या वेलांच्या कडेकडेने नाचत नाचत गेले. डोंगेवाला गालात हसत बघत होता. पलीकडे नेताना त्यानेही विचारलंच. "भाऊ कोठे शे?"

"तू वल्हव," मी म्हणाले.

काठावर केळीच्या बागा लागतात, मग उसाचे फड, मग गाव. नथूबाबांचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं, घर शोधावं लागलं नाही. दाराशी निंबाखाली घोडी बांधलेली होती, पांढऱ्यावर करडी झाक, आणि तिच्या पोटाशी एक शिंगरू ढुशा देत होतं. डोळ्याखाली भोवरी होती खरी. बोटाने सहज फिरवावी तेवढी.

जमना विहिरीवरून येत होती. डोक्यावर दोन हंडे. मला पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. मला वाटलं होतं ती धावत येईल, पण ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. जमनाने हंडे उतरवले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या. बसा." जन्मात पहिल्यांदा तिने मला अहो-जाहो केलं. मला हसूही आलं आणि रडूही. ती पदर तोंडाशी धरून आत वळली.

तिच्या सासूबाई, सोनामाय, घरात त्यांच्या गुजरी बोलीत बोलायच्या, बाहेरच्यांशी अहिराणीत. बाई बारीक, आवाज ठणठणीत. "कोनी पोर शे तू?"

मी सांगितलं. नंदुरबारची मालू, जमनाची मैत्रीण. डबा पुढे ठेवला. "जमनाला न्यायला आले आहे."

"भाऊ कोठे शे?"

"नाही आला. मीच मुराळी."

"बाईमानूस कव्हय मुऱ्हायी व्हयनं का?" त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. एखादी नवीन भाजी पहिल्यांदा पाहावी तसं त्या मला बघत होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "जेवाले बठ. ऊनम्हा उनी शे."

नथूबाबा शेतातून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. उंच माणूस, पांढरी टोपी, मिशा टोपीइतक्याच कडक. मला त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ताट वाढलं गेलं: कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, आंब्याचा रस. सकाळपासून मी फक्त एक केळं खाल्लं होतं. रसाचा वास नाकात शिरला होता.

पण मला एक गोष्ट माहीत होती. मुराळी जेवला, की त्याला मोकळ्या हाताने परत धाडत नाहीत. ते घराला कमीपणाचं. पाहुणी मात्र जेवून, पान खाऊन, खुशाल एकटी जाऊ शकते. म्हणून मी हात धुतला आणि ताटाला लावला नाही.

"पयले सांगा," मी म्हणाले. शाळेतली मराठी सोडून मी घरच्या बोलीवर आले होते. "माले पाव्हनी म्हनीसन वाढी ऱ्हायनात का मुऱ्हायी म्हनीसन?"

चुलीपुढे जमनाच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला.

नथूबाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "उत्तमभाईनी धाडं तुले?"

"नही. त्यासले माहीतबी नही."

हे खरं होतं. त्यांनी डाळीत भाकरी कुस्करली, खाल्ली नाही. मग बोलायला लागले, माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. भर जत्रेत व्याह्याने माझ्या घोडीत खोट काढली. घोडी कशी आहे बघ, शिंगरू बघ. घरात रडारड होईल म्हणाला. "दोन साल व्हई गयात. सांग, कोन रडनं मन्हा घरम्हा? कोन रडनं?"

"सून रडनी," सोनामाय म्हणाल्या.

त्या डाळीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. आवाज चढवला नव्हता. "मांगली आखाजीले. धाब्यावर जाईसन वाट देखे. मंग खाले यी आनि चुलीना धूरनं नाव करे."

जमनाने मान वर केली नाही. नथूबाबांचा घास हातातच राहिला. उत्तमभाईंनी सांगितलेली रडारड खरंच घरात आली होती, आणि ती आणली होती ती घोडीने नाही, त्यांनी स्वतः. हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. मला त्यांची दया आली. भूकही फार लागली होती.

"म्हनजे उत्तमभाई खरा व्हयना?" ते म्हणाले.

"आते पोर धाडा," सोनामाय म्हणाल्या, "मंग खोटा पडी."

बाहेर घोडी फुरफुरली. नथूबाबा पाटावरून उठून आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात एक कोरी पांढरी टोपी होती, घडीच्या रेषा तशाच. मुराळ्याला टोपी द्यायची रीत आहे, हे ती हातात पाहिल्यावरच मला आठवलं. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि जरा घोटाळले. पोरीला टोपी कशी द्यावी हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली, वेणीवर, थोडी वाकडी.

"जेव आते, मुऱ्हायी," ते म्हणाले.

जमना हसायला लागली. आधी पदरात, मग मोकळी. आमच्या कुंपणाच्या भोकापाशी हसायची तशी. मी रस चार वाट्या प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सोनामायने बैलगाडी काठापर्यंत दिली, वर एक टरबूज, कुरडया आणि आमच्या आईसाठी केळीचा घड. मुराळ्याने हात हलवत यायचं, लादून जायचं, अशीच पद्धत. डोंगेवाला कालचाच. टोपी पाहून त्याने काही विचारलं नाही, कपाळाला हात लावला फक्त. वाळूत उतरल्यावर जमनाने चपला काढू दिल्या नाहीत. "तुला माहीत होतं मी येईन?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण या वर्षीपण धाब्यावर जात होते. सवय. काल सकाळी गेले नाही आणि तू आलीस."

मोटरीत, गाडीत, आम्ही एवढं बोललो की आता त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. दोंडाईच्याला शेव घेतली, ती कागदावर सांडली, तेवढं आठवतं. हेही आठवतं, की टोपी मी काढली नाही. लोक बघत होते, बघू देत.

नंदुरबारला उत्तमभाई शेताच्या बांधावर उभे होते. त्यांनी लेकीला पाहिलं, मला पाहिलं, माझ्या डोक्याला पाहिलं. त्यांची हनुवटी हलली. माणूस काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. ते म्हणाले, "घोडी कशी शे?"

"शिंगरू व्हयनं, बाबा," जमना म्हणाली. "भोवरी शे. पन रडत नही."

ते मागे वळले आणि मिरच्यांच्या वाफ्याशी खाली बसून बराच वेळ काही तरी उपटत राहिले. जमनाची आई मात्र कुंपणाकडून नाही, दारातून धावत आली.

त्या आखाजीचं बाकी वर्णन करत बसत नाही. घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, पितरांना जेवण दाखवलं. झोका निंबाला होता आणि आम्ही दोघी एकाच फळीवर उभ्या राहून तो इतका उंच नेला की खाली आया ओरडायला लागल्या. मला खूप आनंद झाला होता. ज्येष्ठात लग्न झालं आणि मी कोल्हापूरला गेले. निघताना टोपी जमनाच्या हातात दिली, ठेव म्हणून.

पुढच्या वैशाखात कोल्हापूरच्या घरी दुपारी कडी वाजली. माझ्या सासूबाईंनी दार उघडलं आणि ओरडल्या, "अगं, दारात कुणी तमाशातली बाई आलीय!" मी धावले. उंबऱ्याबाहेर जमना उभी होती, रेल्वेच्या धुराने काळी, पदरावर पांढरी टोपी चढवलेली, आणि तिच्या मागे तिचा नवरा रमण केळीचा घड घेऊन, जमिनीने गिळावं असं तोंड करून. खानदेशातून कोल्हापूर म्हणजे किती गाड्या बदलायच्या, तुम्हीच नकाशात बघा.

"मालूले लेवाले उनू," ती म्हणाली.

सासूबाईंना एक अक्षर कळलं नाही, तेव्हा मी सांगितलं, मला माहेरी न्यायला आलीय. त्यांनी विचारलं ते मात्र मला पाठ होतं. "मग तुझा भाऊ कुठाय?"

"ही काय," मी म्हणाले.

सासूबाई हुज्जत घालायच्या बेतात होत्या, पण जमना ओट्यावर बसली आणि म्हणाली, जेवण वाढाल तर मुराळी म्हणूनच वाढा. मी तिला ही युक्ती शिकवली नव्हती. तिने ती चुलीपुढे बसून शिकून घेतली होती.

तेव्हापासून टोपी फिरते आहे. जिच्याकडे टोपी, तिने आखाजीला दुसरीला न्यायला जायचं आणि मग टोपी तिच्या हवाली करायची. नेहमी जमलं असं नाही. बाळंतपणं, आजारपणं, बदल्या, दोन घरांतली म्हातारी माणसं. कधी लागोपाठ वर्षं गेली. एकदा जमनाने वेळ नाही म्हणून टोपी पार्सलने धाडली, तेव्हा मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. पार्सलने यायची वस्तू होती का ती? मग माझी मीच रागात निघून तापीपार गेले आणि तिच्या ओट्यावर बसले. मैत्री टिकवायची कशी असं विचारणारे निरोप मला येतात. मला एवढंच ठाऊक आहे, की वाट पाहणाऱ्याकडे कुणीतरी उठून जावं लागतं, आणि कधी कधी त्यासाठी हास्यास्पद दिसावं लागतं. नथूबाबा आणि उत्तमभाई माफी मागायला कधी गेले नाहीत, पण त्या शिंगराला पहिला लगाम उत्तमभाईंनी पाठवला आणि नथूबाबांनी तो घातला.

हल्ली आमच्या दोघींचे गुडघे सारखेच कुरकुरतात. मागचे काही वैशाख फोनवरच गेले. मुलं म्हणतात, व्हिडिओवर दिसता की एकमेकींना. परवा जमनाचा फोन आला. ऊन किती आहे, केळीला पाणी किती पुरतंय, गुडघ्याला कोणतं तेल, सगळं बोलून झालं. मग ती जरा थांबली. तिच्या आईसारखीच थांबते ती.

"काल धाब्यावर गई व्हती," ती म्हणाली. "पोरं बोंबलनात, पडशी म्हनीसन."

"कशाला गेलीस?"

"आसंच." मग म्हणाली, "टोपी कोनाकडे शे?"

मी कपाट उघडून पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. नीळ देऊन धुतलेली, घडी घातलेली, माझ्याकडेच आहे. म्हणजे पाळी माझी. गाडीचं आरक्षण झालं आहे, वाळूसाठी चांगल्या पट्ट्यांच्या चपला घेतल्या आहेत.